अमेरिकेचं मध्यंतर

माझ्या वहिनीला पोटच्या लेकीसारखं घरात ठेवून घेतलं ते माधवनगरच्या गिरणीमागं खानावळ चालवणाऱ्या मावशीनं. हे सगळ्यात आधी सांगून टाकतो. कारण पुढं मी या मावशीवर बराच चिडचिडणार आहे, आणि वाचणाऱ्याला वाटायचं, हा माणूस खाल्ल्या अन्नाला जागत नाही. जागतो. पण त्या वर्षी दिवाळीच्या आगंमागं मावशीनं आणि तिच्या पंगतीनं माझं डोकं असं काही पिकवलं होतं, की अजून आठवलं तरी कानशिलं तापतात.

लढाई संपून वर्ष उलटलं होतं. आमचा थोरला पलटणीत. लढाई संपली की शिपाई घरी येतो, अशी आमची साधी समजूत. पण त्याच्या पलटणीला परस्पर जपानात नेऊन बसवलं, हरलेल्या मुलखावर पहारा करायला. तिथं मोठा हुकूम अमेरिकन साहेबाचा. आमची पलटण इंग्रजाची, पहारा जपानचा आणि हुकूम अमेरिकेचा! हे आईला समजावून सांगता सांगता माझी एक अख्खी सुट्टी गेली होती, आणि शेवटी ती म्हणाली होती, “म्हंजे नेमकं कुनाला इचारायचं, त्येला कवा सोडताय म्हनून?”

घर लोणंदच्या पलीकडं. थोडं रान, आई आणि वहिनी. मी मराठी पाचवीतून शाळा सोडली आणि ओळखीच्या एका विणकऱ्याच्या आधारानं इथं गिरणीत मागावर लागलो, तोही बदलीवर. गाडीत बसलं की घर यायला दिवस जायचा, म्हणून सणाला जाणं नाही. रजा मागितली की आपली जागा घ्यायला दुसरा बदलीवाला फाटकाशी उभाच. रात्रंदिवस तीच धाकधूक.

पण मावशीच्या पंगतीत पाचवी म्हणजे मोठी विद्या. शेजारच्या हाटेलातला शिळा पेपर ती संध्याकाळी मागून आणायची आणि ताटं वाढता वाढता म्हणायची, “वाच रं तम्मा.” ती मिरजेच्या खालच्या अंगाची, धाकट्या भावाला कानडीत म्हणतात तसं आम्हा सगळ्यांना ‘तम्मा’च म्हणायची. दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी मी वाचलं, “अमेरिकेतील मध्यंतरीच्या निवडणुका.” एवढंच वाचलं आणि फसलो.

“थांब,” मावशी हातातला आमटीचा डाव वर धरून म्हणाली. “मध्यंतर म्हंजे काय त्ये मला इचारा.”

आणि तो तिचा अधिकारच होता. तरुणपणी ती एका नाटक मंडळीच्या भटारखान्यात होती. सांगली-मिरजेची माणसं आधीच नाटकवेडी, त्यात हिनं नटांना जेवू घातलेलं. मग काय!

“पडदा पडतोय,” ती सांगू लागली. “राजा शिंहासनावरनं उठतोय, मुकूट काढून ठेवतोय आन चा पितोय. परधान बिडी वडतोय. आन शिपाई-भालदार तर समद्यांच्या आदी भाईर पळत्यात. त्येंनी बिचाऱ्यांनी हुबं तरी किती ऱ्हायाचं?”

“म्हंजे ह्येचा भाऊ सुटला की गड्या!” माझ्या शेजारच्या मागावरचा गडी ओरडला. हा आमच्याच भागातला, लोणंदकडचा. मागाच्या खडखडाटातसुद्धा त्याचं बोलणं वरून ऐकू यायचं.

“आरं, नाटकाचं मध्यंतर न्हवं हे,” मी म्हणालो. “मधल्या मुदतीत मतं घेत्यात.”

“मधल्या म्हंजे कशाच्या मधल्या?”

आता ते मला तरी कुठं ठाऊक होतं? पुढच्या सुट्टीला मी सांगलीला चालत गेलो. तिथल्या वाचनालयात एक म्हातारे मास्तर बसत, त्यांना विचारलं. त्यांनी चष्मा पुसत नीट फोड करून सांगितलं, की तिकडं राष्ट्राध्यक्ष एकदा निवडला की चार वर्षं हलत नाही, मधे दोन वर्षांनी कायदे करणाऱ्या सभेची माणसं तेवढी पुन्हा निवडतात. मला एकदम उजेड पडल्यासारखं झालं. त्याच उत्साहात येऊन पंगतीला सांगायला बसलो.

“म्हंजे राजा त्योच?” गड्यानं विचारलं.

“त्योच. राजा न्हवं, अध्यक्ष.”

“त्यो हुबा हाय का निवडणुकीला?”

“न्हाई.”

“मग हरनार कोन?”

“त्याचा पक्ष.”

“आन पक्ष हरला तर ह्यो घरी जानार?”

“न्हाई रं! त्यो बसूनच ऱ्हानार.”

“मग मतं कशापायी देत्यात? त्या दिवशी सुट्टी घावती का?”

मी भाकरीचा तुकडा ताटात टाकला. मावशी मात्र फार खुशीत. “म्हंजे मध्यंतरच की!” ती म्हणाली. “मी काय येगळं सांगितलं? नाटक त्येच, राजा त्योच, मधी उलिसा चा.”

मी टाकलेला तुकडा उचलून मुकाट खाल्ला.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी सोसलं असतं. पण तो गडी दिवाळीला गावी गेला. लोणंदच्या बाजारात त्याला माझी वहिनी भेटली, आणि त्यानं तिला खुशाल सांगितलं, की तुळशीच्या लग्नाच्या टायमाला अमेरिकेचं मध्यंतर हाय, शिपाई सुटनार, पेपरात आलंय. वर माझं नाव! म्हणे, “तुमच्या दिरानंच वाचून दावलं.”

तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी माझी पाळी सुटली आणि बघतो तर फाटकाबाहेर भिंतीच्या कडेला वहिनी उभी. काखेत बोचकं. मला वाटलं, आईचं काहीतरी झालं. धावतच गेलो.

“वैनी! तुमी हितं? आई बरी हाय न्हवं?”

“बऱ्या हायत्या. भावजी, बेळगावची गाडी कवा येती?”

“बेळगावची?”

“आसं काय करतासा? पलटनीतलं नाव बेळगावातच कमी करत्यात न्हवं? मग घरला येताना गाडी हितनंच जानार. उद्या मध्यंतर. म्हनलं, वाटंतच गाठावं.” बोचक्यात थोरल्याचं धोतर आणि पटका होता, धुऊन घड्या घातलेला. खाकी उतरवून गावात जाताना अंगावर घरचं असावं म्हणून.

जपान कुठं, बेळगाव कुठं, मतं कुठं! पण ती पुढं जे म्हणाली ते त्याहून अवघड होतं. गावात बायका बोलू लागल्या होत्या, त्यानं तिकडंच एक बाई ठेवली असंल, म्हणून येत नाही. आईनं त्यांना गप्प करायचं सोडून एकदा तेच वहिनीला ऐकवलं होतं. “तवा सासूबाईंस्नी सांगून आलीया,” वहिनी म्हणाली, “की आता ह्या उंबऱ्यात येईन तर त्यांच्या संगंच येईन. एकली परत गेले तर त्वांड कुटं दावू, सांगा.”

आता हिला ठेवायची कुठं? आमच्या खोलीत तिन्ही पाळ्यांची माणसं आळीपाळीनं त्याच चटयांवर झोपायची. मी तिला खानावळीत नेलं. मावशीनं एकदा वहिनीकडं पाहिलं, एकदा बोचक्याकडं, आणि म्हणाली, “आत ये बाय. पाय धू.” कोण, कुठली, किती दिवस, काही विचारलं नाही. घटकाभरानं वहिनी चुलीपुढं बसून भाकरी थापत होती. रेशनची कसलीशी लाल ज्वारी, अमेरिकेतनं आलेली म्हणे. पिठाला जीव नाही, भाकरी उचलली की मधे चिरायची. पण वहिनीच्या हातून ती अख्खी तव्यावर पडत होती, आणि मावशी हे बघून आणखीच खूश.

त्या संध्याकाळी पंगतीत अमेरिकेशिवाय विषय नाही. कोण जिंकायला पाहिजे यावरून दोन तट पडले होते. एक म्हणाला, सत्तेवरचे हरले पाहिजेत, म्हणजे नवे येतील ते पलटणी घरी पाठवतील. दुसरा म्हणाला, खुळा का काय, नवे आले तर नवी लढाई काढतील, जुनेच बरे. एक जण तर म्हणाला, आपल्या लाल ज्वारीचं काय? ती बंद झाली म्हणजे? ज्यांना आपल्या तालुक्याचा मामलेदार कोण हे ठाऊक नाही, ते अमेरिकेची सभा भरवून बसले होते.

आणि खोटं कशाला बोलू? मलाही आतून तेच लागलं होतं. सगळं समजूनसुद्धा, मास्तरांकडून शिकून आलो असूनसुद्धा, मनात म्हणत होतो, हरू देत बाबा सत्तेवरचे, कुणीतरी उठून म्हणू दे की बस झाला पहारा. जन्मात जे कधी दिसणार नाहीत अशा लोकांच्या मतांची मी काळजी करत होतो. त्याचाच जास्त संताप येत होता. शेवटी मी ओरडलोच, “ह्या मतांचा आन माझ्या भावाचा काय बी संबंध न्हाई! कळलं का? काय बी न्हाई!”

आतला भाकरी थापण्याचा आवाज थांबला. वहिनी पिठाच्या हातांनी दारात आली.

“मग कशाचा संबंध हाय, भावजी?” ती म्हणाली. “त्येवडं तरी सांगा. त्येची वाट बघते.”

हे पाचवीच्या पुस्तकात नव्हतं, मास्तरांकडंही नसतं.

तेव्हा तो गडी, बहुतेक वेळ मारून न्यायला, मावशीला म्हणाला, “मावशे, तूच सांग. मध्यंतरानंतर काय हुतं?”

“मला काय ठावं?” मावशी म्हणाली. “घंटा झाली की मी आत पळायची. नाटक सुटायच्या आत समद्यांचं पिठलं-भात नगं व्हय? म्या एक बी नाटक मध्यंतराच्या म्होरं बघितलं न्हाई.”

गडी फिसकन हसला. दुसरं कुणी हसलं नाही. मावशी स्वतःच दचकल्यासारखी झाली. वहिनीकडं बघत राहिली, आणि त्या रात्री तिनं कुणाला दुसऱ्यांदा आमटी घे म्हणून आग्रह केला नाही.

निकाल पेपरातून आमच्यापर्यंत यायला दिवस गेले. सत्तेवरचा पक्ष सपशेल हरला होता. गडी उठून उभा राहिला. “हरला! आता उतरतोय बघा!”

“उतरत न्हाई,” मी म्हणालो.

“आरं पर हरला न्हवं?”

“हरला.”

“आन तरी बसतोय?”

“तरी बसतोय.”

“निबार कातडीचा हाय लेका,” तो म्हणाला आणि जेवायला लागला. झालं. एवढे दिवस ज्याच्यासाठी ऊर बडवला, ते प्रकरण एका भाकरीत मिटलं.

वहिनीचं मिटलं नव्हतं. बेळगावकडून गाडी यायची तेव्हा ती स्टेशनात जाऊन उभी राहायची. खाकीतली माणसं उतरायची, कुणाचा तरी बाप, कुणाचा तरी मुलगा, आपला नाही. मग ती जायची बंद झाली. बोचकं मात्र सोडलं नाही. मी म्हणालो, “चला, मी गावी पोचवतो, आईशी मी बोलतो.” तर म्हणाली, “तुमची बदली जाईल. आन मी जानार न्हाई.” दोन्ही खरं होतं.

एका सकाळी बघतो तर खानावळीला आतून कडी. मावशीनं चूल कधी बंद ठेवल्याचं कुणाला आठवत नव्हतं. अंगात ताप असला तरी शेजारणीला बसवायची. गिरणीतले लोक माझ्यावर घसरले, “तुझी मावशी कुठाय?” मला काय माहीत! वहिनी आतून एवढंच म्हणाली, “गाडीनं गेल्या. सांगू नको म्हनल्यात.”

ती लोणंदला गेली होती. तिथून विचारत विचारत आमच्या गावी, आईकडं. आईनं म्हणे आधी दारातच उभं केलं, पाणीसुद्धा विचारलं नाही. परत आल्यावर मावशीनं सगळं मला सांगितलं, तेही परातीत पीठ मळत, माझ्याकडं न बघता.

“तुज्या आईला म्हनलं, मध्यंतर हा शब्द माजा. पोरगी माज्या शब्दावर घर सोडून आली. तवा तिला बोल लावायचा न्हाई, मला लावायचा. आन नवरा येईस्तवर ती माज्याकडं ऱ्हाईल. तिनं म्हटल्यापरमानं त्याच्या संगंच घरात पाय ठेवंल.”

“आई काय म्हणाली?”

“पैल्यांदा लय बोलली. मग रडली. मग म्हनली, तिला शेंगा आवडत्यात, घिऊन जा.” आणि शेंगांची पिशवी माझ्यापुढं सरकवली. “बघतोस काय? फोड.”

त्या दिवसापासून वहिनी तिथंच राहिली, थंडी गेली, उन्हाळा गेला, तरी. मावशीनं तिला कामाला आलेली बाई म्हणून कधी वागवलं नाही. पंगतीत कुणी वेडंवाकडं बघितलं तर त्याचं ताट उचलायची. जपानातल्या बाईचा विषय एकानं एकदाच काढला. तो पुढं दुसऱ्या खानावळीत जेवू लागला.

थोरला आला तो पुढचा पाऊस सरता सरता. कुठल्या मतांवरून नाही, कुठल्या पेपरात येऊन नाही. बेळगावहून येता येता मला भेटावं म्हणून उतरला आणि विचारत खानावळीत आला. वहिनी तव्यापुढं होती; उगाच घोर नको म्हणून तिचं इथं असणं मी पत्रात त्याला कळवलं नव्हतं.

“तू हितं कशी?” तो म्हणाला.

“तुमचं मध्यंतर बघाय आलते,” वहिनी म्हणाली, आणि तव्यावरची भाकरी तशीच टाकून बोचकं आणायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी दोघं गावी गेले, धोतर-पटक्यात, जोडीनं, तिनं म्हटल्याप्रमाणं. थोरल्यानं मावशीच्या हातात जपानी रेशमाचा रुमाल ठेवला. तिनं तो घेतला आणि माझ्या देखत लोणच्याच्या बरणीच्या तोंडाला दादरा म्हणून बांधला. आणखी काही घ्यायला तयार नाही.

मी अजून इथंच आहे, त्याच गिरणीत, त्याच पंगतीत. आता मावशीचे गुडघे धरलेत. चुलीपुढून उठताना भिंतीचा आधार घेते आणि कुणी बघितलं तर चिडते. तिला मागंपुढं कुणी नाही. तिचे हात थकतील, तेव्हा मी तिला घरी घेऊन जाईन. आईशी, थोरल्याशी बोलून ठेवलंय. वहिनीशी बोलावंच लागलं नाही. मावशी भांडेल, मला काय भीक लागली का म्हणेल, कानडीतून शिव्या देईल. देऊ दे. बोचकं मी बांधीन, गाडीत मी बसवीन, आणि ती असेपर्यंत तिला आमच्या घरात तव्याला हात लावू देणार नाही.