केशवरावांची एकेचाळीस नंबरची तबकडी

श्री. केशवराव तांबट यांची आणि माझी पहिली भेट एका चेपलेल्या बिगुलामुळे झाली. मी खेडचा, चिंचवडच्या शाळेत मास्तर म्हणून लागून तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. कवायतीचा बिगुल कोणाच्या तरी हातून पायऱ्यांवरून गडगडला आणि त्याचा भोंगा दबला. हेडमास्तरांनी तो माझ्या हाती दिला आणि म्हणाले, "बाजारपेठेच्या मागे केशवराव म्हणून आहेत. घंगाळी ठोकतात, पण वाद्येही दुरुस्त करतात."

केशवराव पाटावर बसून काम करत होते. त्यांनी बिगुल उलटसुलट करून पाहिला, नखाने दोन ठिकाणी वाजवला आणि विचारले, "आवाज कसा पाहिजे?"

"पूर्वी होता तसा," मी म्हणालो.

"पूर्वीचा वाईट होता. सांधा आधीच गळत होता. चांगला कसा असतो ते ऐकून ठेवा, म्हणजे नेताना तक्रार करता येईल."

एवढे बोलून त्यांनी कोपऱ्यातल्या ग्रामोफोनला चावी दिली आणि एक तबकडी लावली. मी भजने व नाट्यसंगीत ऐकत वाढलो. चौदा-पंधरा माणसे पितळी वाद्ये घेऊन एका दमात वाजवतात, मध्येच सगळी थांबतात, एकट्यालाच बोलू देतात आणि पुन्हा एकदम उचलतात, असे काही मी आयुष्यात ऐकले नव्हते. मला ते आवडले की नाही, हे त्या दिवशी मला सांगता आले नसते. तबकडी संपल्यावर केशवरावांनी विचारलेही नाही. ते बिगुलाच्या कामाला लागले.

या तबकड्या त्यांच्याकडे कशा आल्या, हे पुष्कळांना ठाऊक नसेल. युद्धाच्या काळात देहूरोडच्या बाजूला गोऱ्या पलटणींची छावणी होती. त्यांच्या बँडची वाद्ये दुरुस्तीला केशवरावांकडे येत. छावणी हलली तेव्हा सैनिकांच्या करमणुकीच्या तबकड्या मोडीत निघाल्या. त्या वितळवून त्यांतली लाख काढायची होती. केशवरावांनी शेवटच्या कामाची मजुरी घेतली नाही, त्याऐवजी तबकड्यांच्या तीन पेट्या मागून घेतल्या. घरच्यांना हा व्यवहार पटला नाही. केशवरावांनी तो पटवून देण्याचा प्रयत्नही केला नाही.

त्यांना इंग्रजी वाचता येत नाही. कोणता बँड, कोणाची चाल, हे तबकडीवर छापलेले असूनही त्यांच्या उपयोगाचे नव्हते. म्हणून त्यांनी प्रत्येक तबकडीला नंबर दिला आणि एका वहीत मोडी लिपीत तिचे वर्णन लिहिले. मी ती वही पाहिली आहे. "नं. सात. मोठे पितळ पुढे, काळी सनई मधून. शेवट अर्धवट वाटतो, पण तसाच आहे." "नं. तेवीस. ढोलकवाला हुशार, कमी वाजवतो." संगीतावर इतके नेमके लेखन मी फार थोड्या ठिकाणी वाचले आहे.

त्यांच्या कामाची रीत एका प्रसंगावरून कळेल. काही तबकड्यांत ट्रंपेटचा आवाज नाकातून बोलल्यासारखा येतो. हे निराळेच वाद्य असावे, अशी त्यांची कित्येक दिवस समजूत होती. मग त्यांना शंका आली की, भोंग्याच्या तोंडाशी काहीतरी धरत असावेत. त्यांनी तांब्याच्या वाट्या ठोकून पाहिल्या. एक उथळ झाली, एक खोल झाली. चौथी वाटी दुरुस्तीला आलेल्या एका ट्रंपेटला लावून त्यांनी बँडवाल्याला फुंकायला सांगितले आणि शेजारी तबकडी चालू ठेवली. दोन्ही आवाज जुळल्यावर वहीत लिहिले, "वाद्य तेच. वाटी धरतात." कोणाला विचारले असते तर पाच मिनिटांत कळले असते, असे मी एकदा म्हणालो. ते म्हणाले, "विचारलं असतं तर वाटी करता आली नसती."

त्यांच्या स्वभावात गोडवा आहे असे मी लिहिले तर ते स्वतःच हसतील. गिऱ्हाइकाला ते तोंडावर चूक सांगतात. तबकडी ऐकायला कोणीही यावे, पण ती उंबऱ्याबाहेर जाणार नाही, हा त्यांचा नियम होता. दर रविवारी दुपारी तीन वाजता मी तेथे जाऊ लागलो, त्यांच्याकडूनच मिळालेले जुने क्लॅरिनेट शिकू लागलो, तरी मलाही त्यांनी कधी एक तबकडी घरी नेऊ दिली नाही.

अशाच एका रविवारी साल्वादोर नावाचे गृहस्थ दुकानात आले. मूळचे गोव्याचे. पिंपरीला नवे कारखाने उभे राहत होते, त्यांतल्या एकात ते बॉयलरवर कामाला होते. सोबतचे कामगार त्यांना सालूबाब म्हणत. त्यांनी फडक्यातून एक ट्रंपेट काढला आणि मोडीत घ्याल का, असे विचारले.

"आधी वाजवून दाखवा," केशवराव म्हणाले.

"वाजत नाय आता. लॉरीचा अपघात झाला. फुडले दात गेले. दात गेले म्हणजे ओठ गेले, ओठ गेले म्हणजे सगळा गेला."

"मला वाद्य बघायचं आहे. तुमचे ओठ नाहीत बघायचे."

सालूबाब नाइलाजाने उभे राहिले. त्यांनी सात-आठ स्वर काढले. निम्म्यांत नुसता वाराच होता. केशवराव पाठमोरे बसून हातोडीचा दांडा बसवत होते. त्यांचे हात थांबले. ते वळले आणि म्हणाले, "शेवटचा स्वर खालून उचलून घेता, ही तुमची खोड का?"

"हय. बँडमास्तर रागवायचो त्यावरून."

"कुठे वाजवत होता?"

सालूबाबांनी सांगितले ते असे. युद्धाच्या दिवसांत कलकत्त्याच्या एका हॉटेलात मोठा बँड होता, त्यात ते होते. एकदा त्या बँडच्या दोन चाली तबकडीवर घेतल्या गेल्या. पुढे बँड फुटला. तबकडीवर एकट्या बँडमास्तरांचे नाव होते, आणि ती तबकडी सालूबाबांना कधी पाहायलाही मिळाली नाही. "घरी सांगतो तर कोण विश्वास ठेवीत नाय. लग्न अपघाताच्या मागीर झाला. बायकोन मला वाजवताना आयकलाच नाय."

केशवराव माझ्याकडे पाहून म्हणाले, "मास्तर, दुसऱ्या पेटीतली एकेचाळीस नंबर काढा."

पुढचे लिहिताना मला आजही संकोच वाटतो. मी घाईने तबकडी काढली, वळलो, आणि ती ऐरणीच्या कडेवर आपटली. आवाज फार मोठा झाला नाही. तबकडीचे मधोमध दोन तुकडे झाले होते.

सालूबाब खाली पाहत होते. केशवराव उठले, माझ्या हातातले तुकडे घेतले आणि विचारले, "कापलं का कुठे?" मी नाही म्हणालो. मग ते सालूबाबांना म्हणाले, "ट्रंपेट इथेच राहू द्या. पुढच्या रविवारी या. येताना बाईंनाही आणा."

ते गेल्यावर मी माफी मागू लागलो. केशवरावांनी मला थांबवले. "माफीने सांधा बसत नाही. उद्यापासून शाळा सुटली की इकडे या."

त्या आठवड्यात मी त्यांच्या हाताखाली काम केले. तबकडी लाखेची असते आणि तांबटाला लाख परकी नाही. गुळगुळीत फरशीवर दोन्ही तुकडे पालथे ठेवून मी ते दाबून धरायचे आणि त्यांनी तापवलेल्या सळईने मागच्या बाजूची चीर थोडी थोडी वितळवत जायचे, असे काम होते. पुढच्या बाजूच्या रेघा एकमेकींसमोर तंतोतंत यायला हव्या होत्या. केसाएवढे अंतर पडले तरी सुई उडणार. पहिले दोन दिवस नुसता जुन्या फुटक्या तबकड्यांवर सराव झाला. तिसऱ्या दिवशी खरे काम सुरू करताना ते म्हणाले, "मागची बाजू जाईल."

मागच्या बाजूला बँडची दुसरी चाल होती. वहीत तिच्यापुढे त्यांनी "उत्तम" असा शब्द लिहिला होता. सबंध वहीत तो शब्द मला आणखी कोठे आढळलेला नाही.

"दुसरा उपाय नाही का?" मी विचारले.

"असता तर केला असता. तो माणूस पुढच्या बाजूला वाजवतो." आणि त्यांनी सळई टेकवली.

रविवारी सालूबाब आपल्या पत्नी कार्मेलबाई यांना घेऊन आले. बाई दाराशीच बसल्या. केशवरावांनी नवी सुई घातली आणि तबकडी लावली. दर फेऱ्याला दोनदा टक्‌ टक्‌ असा आवाज येत होता, पण सुई उडाली नाही. आधी सगळा बँड वाजला. मग सगळे थांबले आणि एकटा ट्रंपेट पुढे आला. सालूबाबांच्या उजव्या हाताची तीन बोटे गुडघ्यावर हलू लागली. मी नीट पाहिले. बोटे सुरांच्या किंचित आधी हलत होती. शेवटचा स्वर खालून उचलला गेला.

तबकडी थांबल्यावर कार्मेलबाईंनी विचारले, "हे तुमी?"

"हय." मग ते म्हणाले, "मधी एक सूर चुकलो. परत घ्या म्हटला, पण बँडमास्तर म्हणाले, चालता."

"कुठे चुकला?" केशवराव म्हणाले. "पुन्हा लावतो. दाखवा."

ती तबकडी त्या दुपारी पाच वेळा वाजली. चुकलेला सूर केशवरावांना तिसऱ्या खेपेला सापडला आणि त्यांनी तो वहीत टिपून ठेवला. निघताना त्यांनी तबकडी जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळली आणि कार्मेलबाईंच्या हाती दिली. "ही तुमच्या घरची," एवढेच म्हणाले. माझ्या माहितीत त्या दुकानातून बाहेर गेलेली ही एकमेव तबकडी.

सालूबाब पूर्वीसारखे वाजवू लागले, असे घडले नाही. केशवरावांनी त्यांच्या बसवलेल्या दातांना मानवेल अशी, रुंद काठाची फुंकायची वाटी, म्हणजे ट्रंपेटचे ओठांना लावायचे तोंड, तयार केली. पहिल्या पाच टाकून दिल्या, सहावी बसली. तिने खालचे स्वर निघतात, वरचे निघत नाहीत. मात्र शिकवायला खालचे स्वर पुरतात. पिंपरीच्या कामगारांचा जो बँड आज या परिसरात सर्वांना माहीत आहे, तो या दोघांनी मिळून उभा केला. सालूबाब शिकवतात, केशवराव वाद्ये नीट ठेवतात आणि ऐकून चुका काढतात. लेथवर काम करणारे, फौंड्रीतले, काळेवाडीहून चालत येणारे असे चौदा जण त्यात आहेत. मी मागच्या ओळीत क्लॅरिनेट वाजवतो.

प्रजासत्ताक दिनाला कारखान्याच्या मैदानावर या बँडने प्रथमच मोठी चाल वाजवली. दोन ठिकाणी आम्ही घसरलो. आयोजकांनी केशवरावांसाठी पहिल्या रांगेत खुर्ची ठेवली होती. ते जाऊन वाकड या गावच्या शेतकरी मंडळींत बसले. त्यांच्या शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांनी त्यांना सांगितले, "काय वाजवत्यात त्ये कळंना बगा. पर पाय गप ऱ्हाईना." केशवरावांनी हे मत आम्हाला जसेच्या तसे ऐकवले आणि त्यावर आपले काही जोडले नाही.

चाळीसहून अधिक वर्षे हातोडीच्या आवाजात गेल्याने त्यांचा डावा कान आता मंद झाला आहे. त्याची ते वाच्यता करत नाहीत. तालमीला खुर्ची थोडी तिरकी करून बसतात, इतकेच. आम्हीही वाद्यांच्या जागा त्याप्रमाणे न बोलता बदलल्या आहेत.

हा लेख लिहिण्यापूर्वी त्यांची परवानगी घ्यायला गेलो, तेव्हा ते एका मोठ्या वाद्याच्या पोटातला पोचा काढत होते. लिहा म्हणाले. मग मान वर न करता म्हणाले, "फक्त मला इंग्रजी संगीत कळतं, असं लिहू नका. मला पितळ कळतं. पितळ चांगलं वाजलं की ते कोणाचं आहे, हे मी कधी विचारलं नाही."

त्यांची ही सूचना मी पाळली आहे. श्री. केशवराव तांबट यांना निरोगी, कामाचे आणि भरपूर लांब आयुष्य लाभो. त्यांचा उजवा कान आजच्यासारखाच तीक्ष्ण राहो, आणि पुढील पुष्कळ वर्षे आम्ही वाजवताना चुकलो की थांबवायला ते समोर असोत.