Xमसमधला ख

गेल्या डिसेंबरची एकोणीस तारीख, शुक्रवार, संध्याकाळचे साडेसहा. रक्कम दोन हजार चारशे. सोसायटीच्या ऑफिसात आम्ही चौघे होतो. चेअरमनसाहेब, सेक्रेटरी, पेंटर आणि खजिनदार म्हणून मी. भिंतीला टेकवून ठेवलेला सहा बाय चार फुटांचा प्लायचा बोर्ड अजून ओलसर होता. लाल जमिनीवर पिवळी अक्षरं होती, प्रत्येकाला बारीक पांढरी कड. एवढी घोटीव अक्षरं मी अलीकडे कुठल्या दुकानावर पाहिलेली नाहीत. मजकूर असा होता: ‘Xमस व नववर्ष स्नेहसंमेलन’.

पुण्याच्या विश्रांतवाडीतल्या आमच्या सोसायटीत नाताळ पहिल्यांदाच सगळे मिळून करणार होते. बोर्ड मराठीतच हवा, असा ठराव झालेला. सेक्रेटरींनी पेंटरला मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवला तो मात्र इंग्रजीत, घाईत, ‘Xmas’ असा आखूड करून. पेंटरने मराठीत करता येण्यासारखं होतं तेवढं केलं आणि राहिलेलं तसंच ठेवलं.

चेअरमनसाहेबांनी बोर्ड दोनदा वाचला. नोकरीत असताना ते मोठ्या हुद्द्यावर होते, आवाज चढवायची त्यांना कधी गरज पडली नाही.

“बीजगणितात एक्सला आपण क्ष म्हणतो,” ते म्हणाले. “म्हणजे हे झालं क्षमस. बिल मागायच्या आधी क्षमस्व म्हणा, पेंटर.”

सेक्रेटरी हसले. पेंटर हसला नाही. मांजरी गावाहून बोर्ड टेंपोत घालून तो आला होता. “साहेब, मेसेजमध्ये एक्सच हाय,” तो म्हणाला. “दोनदा फोन लावला. उचलला नाही.”

सेक्रेटरी आपल्या मोबाइलमध्ये काहीतरी शोधायला लागले.

साहेबांचा खरा आक्षेप वेगळा होता. ज्याचा वाढदिवस त्याच्याच नावावर आपण फुली मारायची, आणि ती त्याच्याच कार्यक्रमाला गेटवर लावायची, हे शोभत नाही. बी विंगमधल्या टीचरांना काय वाटेल? त्यांनी निकाल दिला की बोर्ड नाकारायचा, फ्लेक्स छापून घ्यायचा आणि पार्किंगचे नंबर, विंगच्या पाट्या वगैरे सगळं यापुढे फ्लेक्सवाल्याकडेच द्यायचं. म्हणजे प्रश्न एका बोर्डाचा उरला नव्हता. हाताने अक्षरं काढणाऱ्या या माणसाकडे वर्षभर चालणारी गिऱ्हाइकं दोनच शिल्लक होती, त्यातलं एक आम्ही.

मी हिशेबाचा माणूस आहे. लेखी ऑर्डर होती, माल ऑर्डरबरहुकूम होता, तेव्हा आम्ही पैसे देणं लागत होतो. पण फुलीच्या बाबतीत मला स्वतःलाही साहेबांचंच पटत होतं, हे इथे लिहायला हवं. रद्द झालेल्या व्हाउचरवर मी आयुष्यभर तीच खूण करत आलो आहे. म्हणून मी एवढंच म्हणालो की टीचरांना काय वाटेल ते टीचरांनाच विचारू. रविवारपर्यंत मुदत मिळाली.

टीचर म्हणजे आमच्या सोसायटीतल्या सर्वांत वयस्कर बाई, मूळच्या नगर जिल्ह्यातल्या, ख्रिस्ती, निवृत्त शिक्षिका, एकट्या राहतात. शनिवारी सकाळी मी त्यांच्याकडे गेलो आणि बोर्डाचा मोबाइलवर काढलेला फोटो दाखवला. वाईट वाटल्यास स्पष्ट सांगा, असंही म्हणालो.

त्यांनी चष्मा लावून फोटो मोठा करून पाहिला. “मी पस्तीस वर्षं वह्यांवर फुल्या मारल्या,” त्या म्हणाल्या. “फुली कशी असते ते मला कळतं. ही फुली नाही.”

त्यांचे थोरले भाऊ धर्मगुरू. सेमिनरीत असताना ते ग्रीक शिकले होते. त्यांची एक जुनी वही टीचरांनी कपाटातून काढली. पहिल्याच पानावर ग्रीक अक्षरं ओळीने होती आणि प्रत्येकासमोर मराठी उच्चार. आपल्या एक्ससारखं दिसणारं अक्षर शेवटून तिसरं होतं. त्यापुढे भावाने लिहिलं होतं, ‘खी’.

“ख्रिस्ताचं नाव ग्रीकमध्ये याच अक्षराने सुरू होतं,” टीचर म्हणाल्या. “इंग्रजीत त्याचा क झाला. आपण मराठीत काय लिहितो? ख्रिस्त. बघा, आपल्याकडे तो ख अजून शाबूत आहे.”

नुसत्या पहिल्या अक्षराने नाव लिहायची रीत ख्रिस्ती लोकांचीच, आणि फार जुनी, असं त्यांनी सांगितलं. पूर्वीचे लेखक पोथ्या उतरवताना पवित्र नावं एकदोन अक्षरांत लिहायचे आणि वर एक आडवी रेघ द्यायचे, ती आदराची. पुढचं ‘मस’ म्हणजे मिस्सा, देवळातली उपासना. अर्थात हे ठाऊक नसल्यामुळे त्यांच्यातल्याही काहींना हा आखूड शब्द खटकतो, हेही त्यांनी लपवलं नाही. मी विचारलं, मग मोठ्याने वाचायचं कसं? त्या म्हणाल्या, “पूर्ण. ख्रिसमस. एक्समस म्हणणाऱ्याला मी वर्गात परत वाचायला लावायची.”

मी वहीच्या पानाचा फोटो काढून घेतला. खाली उतरताना, खरं सांगतो, मी एकेक पायरी सोडून उतरलो. या वयात ते बरं नव्हे.

रविवारी सकाळी अकराला तेच चौघे तिथेच बसलो. मी फोटो टेबलावर ठेवला आणि टीचरांनी सांगितलेलं सगळं क्रमाने सांगितलं. साहेबांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले, “ख मान्य. मग हे झालं खमस. चटणीचं नाव वाटतं.”

याचं उत्तर माझ्या व्हाउचर बुकातच होतं. मी ते उघडून त्यांच्यापुढे सरकवलं. “इथे रु. लिहिलंय. आपण वाचताना काय म्हणता?”

“रुपये.”

“एक अक्षर लिहून अख्खा शब्द वाचता. आणि साहेब, तुमच्या मुलीच्या लग्नपत्रिकेत नावाआधी चि. सौ. कां. छापलं होतं. त्या तीन टिंबांनी तिचा अपमान झाला, असं मंडपात कोणी म्हणालं नाही.”

सेक्रेटरी आधी हसले, मग साहेबांकडे बघून थांबले. पण तेवढ्यात साहेबच हसले. मी त्यांना हसताना पाहिलं ते बहुधा तेव्हाच.

पेंटर इतका वेळ दाराशी उभा होता. तो पुढे आला, बोर्डावरच्या त्या अक्षरावर बोट न टेकवता त्याने ते हवेतच गिरवलं आणि म्हणाला, “म्हणजे मी बराबर लिवलंय.”

“तुम्ही आमच्यापेक्षा बरोबर लिहिलंय,” साहेब म्हणाले. “पण आपल्या लोकांना ओळखता ना? येणारा प्रत्येक जण शंका काढणार. खाली बारीक अक्षरांत एक ओळ टाका.” आणि त्यांनी ती तिथल्या तिथे सांगितली: ‘हा ख आहे. फुली समजू नये. शंका असल्यास टीचरांना विचारावे.’

चोवीस तारखेला बोर्ड गेटवर चढला. जाणारेयेणारे थांबून खालची ओळ वाचत होते, फोटो काढत होते. टीचर खुर्ची टाकून गेटजवळ बसल्या आणि ज्याने ज्याने विचारलं त्याला त्यांनी खी समजावून सांगितली. त्या दिवशी आमच्या सोसायटीत एकानेही एक्समस म्हटलं नाही. पार्किंगचे नंबर आणि पाट्या फ्लेक्सवाल्याकडे द्यायची गोष्ट पुन्हा निघालीच नाही.

पेंटरला एकूण दोन हजार सहाशे रुपये दिले. दोन हजार चारशे सोसायटीने बोर्डाचे, पूर्ण, आणि खालच्या ओळीचे दोनशे चेअरमनसाहेबांनी स्वतःच्या खिशातून.