जानेवारीची नवी सुट्टी

“मॅडमजी, जानेवारी लागला की सुट्टी नवी! गोऱ्यांनीच शिकवलंय आमच्या फौजेला!” बाबा फोनवर माझ्या इंग्लंडातल्या वकीलबाईंवर असे ओरडले, की इंदूरच्या स्नेहलतागंजातल्या आमच्या घरापासून महूच्या छावणीपर्यंत सगळे जवान सावधानमध्ये उभे राहिले असतील.

बाबा फौजेतून रिटायर झालेले. डिसेंबरात उरलेली रजा जानेवारीच्या नव्या रजेला जोडायची आणि भरपूर दिवस घरी राहायचं, ही त्यांची नोकरीभराची युक्ती. आईचे दोन्ही गुडघे बदलायचे ठरले, तेव्हा तीच त्यांनी मला दिली. मी इंग्लंडात इंजिनियर. तिथे कायमचं राहण्याचा अर्ज करायचा, तर आधी सलग पाच वर्षं तिथे काढायची, आणि वर्षात सहा महिन्यांपेक्षा जास्त देशाबाहेर राहायचं नाही. मी काय कमी शहाणा? थोडे महिने या सालात, थोडे पुढच्या सालात टाकून ऑगस्टपासून होळीपर्यंत इंदूरलाच राहिलो. कोपऱ्यावरच्या पोहेवाल्याने तेवढ्यात माझ्या जिवावर घराचा दुसरा मजला चढवला.

“काका, ते कोणतेही सलग बारा महिने धरतात,” वकीलबाई आपल्याकडच्याच, म्हणून मराठीत म्हणाल्या. “जानेवारीचा काही संबंध नाही. आता यांची सगळी वर्षं पहिल्यापासून मोजली जाणार.”

बाबांनी फोन माझ्या हातात दिला. आई वॉकर धरून दारात आली होती. दुसरा गुडघा महिन्यापूर्वीच बदललेला; नव्या गुडघ्यांवर तिला अजून नीट उभं राहता येत नव्हतं.

“काय म्हणाल्या हो त्या?” तिने विचारलं.

“याला आता इकडे बोलवायचं नाही,” बाबा म्हणाले.