समुपदेशक म्हणून माझं नाव

आमच्या शाळेच्या व्हरांड्यात एक पत्र्याची पेटी होती. मुलांनी मनातलं लिहून त्यात टाकायचं आणि दर मंगळवारी समुपदेशक ताईंनी येऊन ती उघडायची, अशी पद्धत. चिठ्ठीवर नाव लिहायचं नाही, प्रत्येकानं आपलं एक चित्र काढायचं. कुणाचं चित्र कुठलं, ते फक्त ताईंना ठाऊक. त्या कंत्राटी होत्या आणि चौसाळ्याच्या आसपासच्या अकरा शाळा त्यांच्याकडे होत्या. मी मुख्याध्यापक. त्यांच्या कामातलं मला फार कळत नव्हतं, पण मंगळवारी हजेरी वाढलेली दिसायची.

उन्हाळ्यात त्यांचं कंत्राट संपलं. शाळा उघडल्यावर पत्र आलं: निधी मंजूर नसल्याने पद पुढे चालू ठेवता येत नाही, शाळेने एका शिक्षकाकडे समुपदेशनाचा अतिरिक्त कार्यभार देऊन नाव कळवावे. आम्ही चौघं. एकाकडे पोषण आहार, एकाकडे मतदार याद्या, बाईंकडे शिष्यवृत्तीचे वर्ग. मी माझं नाव लिहून पाठवलं.

"सर, आता तुम्ही मनाचे डॉक्टर," बाई म्हणाल्या. "आमचं डोकं फिरलं तर बघाल ना?"

"आधी नंबर लावा. माझंच पहिलं आहे."

दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. परत आल्यावर मंगळवारचा तास मी शिष्यवृत्तीच्या सरावाला देऊन टाकला. पेटीची किल्ली खणात पडून राहिली. कागदोपत्री शाळेत समुपदेशक होता.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मुख्याध्यापकांच्या ग्रुपवर मेसेज आला: पेटी उघडतानाचा फोटो आज चारपर्यंत पाठवा. मी पेटी उघडली. आत काही नसेल असंच मला वाटलं होतं. नऊ चिठ्ठ्या निघाल्या. ताई आता येणार नाहीत हे मुलांना कुणी सांगितलंच नव्हतं. ते सांगणं माझं काम होतं.

सातवी चिठ्ठी मी दोनदा वाचली. "ताई तुमी किती मंगळवार झाले आल्या नाही. दिवाळी झाली की मला मामाच्या गावाला नेणार हाय. तिथं माझं लगीन ठरवलंय. मला लई भ्या वाटतंय. कुणाला सांगू नका पण या." खाली कंदिलाचं चित्र.

इथं मला खरं लिहायला हवं. पहिली भीती त्या मुलीसाठी नव्हती. माझ्यामागं कुणी उभं आहे का, हे मी आधी पाहिलं. चिठ्ठी खिशात घातली, उरलेल्या आठ टेबलावर नीट मांडल्या, फोटो काढला आणि पाठवून दिला. ग्रुपवर दोन अंगठे आले.

मग मी हजेरी काढली. सातवी-आठवीच्या पाच मुली सुट्टीनंतर आलेल्या नव्हत्या. दिवाळी झाली की आमच्याकडची मेंढपाळ कुटुंबं कळप घेऊन बाहेर पडतात, म्हणून कुणी चौकशीही केली नव्हती. पाचांपैकी कुठलीही असू शकत होती.

ताई आता मांजरसुंब्याला झेरॉक्सच्या दुकानात बसत होत्या. फोनवर मी चिठ्ठी वाचून दाखवली. पलीकडं त्यांनी मशीन बंद केल्याचं ऐकू आलं.

"कंदील," त्या म्हणाल्या. "सर, कधीची आहे ही?"

"माहीत नाही."

"पेटी कधी उघडलीत?"

"आज."

त्यांनी मला रागवायला हवं होतं. त्या रागावल्या नाहीत. मुलीचं नाव सांगितलं आणि एवढंच म्हणाल्या, "ग्रामसेवकांना गाठा. मुलगी संकटात आहे एवढंच सांगा. चिठ्ठी कुणाला दाखवू नका. ती तिनं मला लिहिली आहे."

मी मोटारसायकल काढून वस्तीवर गेलो. आईबाप मुलीला घेऊन दोन दिवसांपूर्वीच गेले होते. दारात चुलती शेळीला पाला टाकत होती.

"उद्या दुपारचा मुहूर्त हाय," ती सहज म्हणाली. "तुमाला पत्रिका न्हाई आली का, गुरुजी?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच ग्रामसेवक, एक पोलीस आणि मी गाडीनं मामाच्या गावाला, धर्मापुरीकडं निघालो. बालविवाह थांबवणं ग्रामसेवकांचं कामच, ते निवांत होते. मला मात्र दर फाट्यावर वाटायचं, उशीर झाला. आणि त्याच वेळी हेही वाटायचं की पोचूच नये. मुलीचा मामा गावातला वजनदार माणूस, पुढाऱ्यांत ऊठबस असलेला. माझी बदली तो एका फोनवर करू शकला असता.

मांडवात पंगतीची तयारी चालली होती. लग्न अजून लागलं नव्हतं. ग्रामसेवकांनी तक्रार असल्याचं सांगितलं.

"कुनाची तक्रार?" मामा म्हणाला आणि त्यानं सरळ माझ्याकडं पाहिलं. "मास्तर, तुमी कावून आलात हितं? आमच्या घरात काड्या घालायचा पगार मिळतो का तुमाला?"

चार-पाच माणसं जवळ सरकली. "उचला बे याला," मागून कुणीतरी म्हणालं आणि दोघं-तिघं हसले. ग्रामसेवक बोलायला तोंड उघडतच होते, तेवढ्यात मी खिशात हात घातला.

"मी काही सांगितलेलं नाही," मी म्हणालो. "हे बघा, तिनंच लिहिलंय."

ग्रामसेवकांनी चिठ्ठी घेतली आणि खड्या आवाजात वाचली. मुलगी घराच्या दारात उभी होती, हळदीनं पिवळी. मी तिच्याकडं एकदाच पाहिलं.

लग्न थांबलं. आईबापांनी लिहून दिलं, बालकल्याण समितीपुढं जाणं झालं, आणि पंधरा दिवसांनी ती शाळेत येऊ लागली. वरच्या कार्यालयानं माझं कौतुक केलं. मी पत्र लिहिलं की मला हे काम येत नाही, माझं नाव काढा आणि शिकलेलं माणूस द्या. तरतूद नाही, असं उत्तर आलं. पेटीत तेव्हापासून एकही चिठ्ठी पडलेली नाही.

गेल्या आठवड्यात मधल्या सुट्टीत ती माझ्या टेबलापाशी आली.

"सर, माझी चिठ्ठी कुनी कुनी ऐकली?"

"मांडवात होते त्या सगळ्यांनी. मीच काढून दिली. मी तुझ्या मामाला भ्यालो."

ती टेबलाच्या कडेवर नख घासत राहिली. "मामा आईला दारात उभं करत न्हाई आता. आई माझ्याशी बोलत न्हाई." मग अगदी हळू, "मला घरी जाऊ वाटत न्हाई, सर. कुठंच जाऊ वाटत न्हाई."

शेवटचं वाक्य घराबद्दल नव्हतं, एवढं मला कळलं. पुढं काय विचारायचं असतं, काय अजिबात विचारायचं नसतं, मला काही ठाऊक नव्हतं. मी ताईंना फोन लावला.

"सर, दुकानात गर्दी आहे, फॉर्मची शेवटची तारीख," त्या म्हणाल्या. "दहा मिनिटं तिला तिथंच बसवा. एकटी सोडू नका. मी फोन करते."

मी तिला माझ्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः दाराशी स्टूल घेऊन बसलो. बाहेर घंटा झाली, वर्ग भरले. चुकीचं एखादं वाक्य तोंडून जाईल म्हणून मी दात घट्ट आवळून फोनकडं बघत बसलो होतो.