डावीकडे ओढणारं स्टेअरिंग

बाबांची अँबेसेडर रस्त्यातल्या मोरीच्या कठड्यावर आदळली तेव्हा गाडीत ते एकटेच होते. धाड गावच्या बाजारातून परत येत होते. भरदुपार, रस्ता मोकळा, समोर कुत्रंसुद्धा नाही. बाबांना खरचटलंही नाही, पण गाडीचं डावं चाक तोंड फिरवून बसलं. "स्टेअरिंगनं ओढलं," बाबा म्हणाले. "एकदम डावीकडे. म्या काय करू?"

आम्ही लगेच विश्वास ठेवला. बाबा सरकारी खात्यात ड्रायव्हर होते. याच गाडीत त्यांनी कितीतरी साहेब जिल्हाभर हिंडवले, आणि गाडी लिलावात निघाली तेव्हा हट्टानं घरी आणली. आई तिला सवत म्हणते. सवतीचं वय झालं, ती कधीतरी दगा देणारच, असं आईनं जाहीर केलं आणि विषय संपला.

माझा मात्र संपला नाही. मी भित्री आहे, आणि भित्र्या माणसाला लोक हसतात तेव्हा मला राग येतो, कारण दहातल्या एका वेळेला आमचंच खरं ठरतं. पुढच्या रविवारी बाबा आईला याच गाडीतून खामगावला एका लग्नाला नेणार होते. एसटीनं जा म्हटलं, तर दोघंही असे बघायला लागले जणू मी त्यांना पायी जा म्हटलं. मग मी शिकवते त्या शाळेत रजा टाकली आणि अमडापूरच्या मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये जाऊन स्टुलावर ठाण मांडलं. गाडी माझ्या डोळ्यांदेखत दुरुस्त व्हायला हवी होती.

मिस्त्रीनं खालून एक लांब दांडा काढून माझ्यासमोर धरला. दोन्ही चाकांना स्टेअरिंगशी बांधून ठेवणारा तो टाय रॉड. काकडीसारखा वाकला होता, आणि टोकाच्या गोळीच्या सांध्याला चीर गेली होती. असल्या एका दांड्यावर आपली सगळी माणसं बसून जातात हे मला आजवर माहीत नव्हतं, आणि माहीत झालं नसतं तर बरं झालं असतं.

"वेल्डिंग करून देता का?" मी घाबरत विचारलं.

"नाही ताई. स्टेअरिंगच्या सामानाले मी वेल्डिंग लावत नाही. दुसरा आणतो."

दुसरा आणला तो खामगावच्या भंगारातून. नवा आता मिळतच नाही म्हणे. मी तो हातात घेऊन उलटापालटा केला. हा दांडा कोणत्या गाडीतून निघाला असेल, ती गाडी भंगारात का गेली असेल, आत कोण बसलं होतं, असले विचार मला थांबवता येईनात. शेवटी मिस्त्रीला विचारलंच.

तो हसला. "ताई, लोखंडाले भूत लागत नाही."

त्यानं सांधे नवे टाकले, नट कसले, प्रत्येक नटातून आरपार पिन घालून तिची टोकं वाकवली. मी प्रत्येक पिन हलवून बघितली. मग त्यानं मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत सुतळी ताणून चाकं सरळ केली. बाबा बाजूला उभे राहून कुरकुरत होते, "हे पोरगी तं आरटीओच्या वर झाली." मला ऐकू आलं, पण मी पिना सोडल्या नाहीत.

स्टेअरिंगचं काम झालं की या मिस्त्रीची एक रीत आहे. गाडी सरळ, सपाट रस्त्यावर न्यायची आणि चालवणाऱ्यानं हात सोडायचे. गाडी आपली आपण सरळ गेली तर काम पास. बाबा चालवायला बसले, मी शेजारी, मिस्त्री मागे. गावाबाहेर तुरीच्या शेतांमधून रस्ता लांबवर सरळ जातो, तिथं मिस्त्री म्हणाला, "काका, सोडा हात."

बाबांनी हात वर केले. मी दाराची कडी धरली आणि डोळे मिटून घेतले. गाडी चालत राहिली. डोळे उघडले तेव्हा पांढरी पट्टी जिथं होती तिथंच होती. भंगारातला दांडा गाडी दोरीसारखी सरळ नेत होता. मला रडूच आलं. रविवारची सगळी भीती तिथल्या तिथे उतरली.

"पास," मिस्त्री म्हणाला. "धरा आता."

बाबांनी स्टेअरिंग धरलं, आणि गाडी डावीकडे सरकू लागली.

हळूहळू. आधी मला भास वाटला. मग डावी चाकं डांबरावरून उतरून मातीत खडखडली. पुढे दोन बाया डोक्यावर गवताचे भारे घेऊन कडेनं चालल्या होत्या. "बाबा," मी म्हणाले. बाबा शांतपणे समोर बघत होते. "बाबा!" गवताचा भारा काचेत मोठा मोठा होत गेला. मी किंचाळले आणि दोन्ही हातांनी स्टेअरिंग उजवीकडे ओढलं. ते लोण्यासारखं फिरलं, कुठेही अडलं नाही. भाऱ्याच्या काड्या माझ्या खिडकीला घासून गेल्या. बाबांनी करकचून ब्रेक दाबला.

"काऊन हात घातला व?" ते ओरडले. "रस्त्याच्या मधात चालून राह्यलो मी!"

"बाबा, त्या बाया मेल्या असत्या!"

"कोणत्या बाया?"

ते खरंच विचारत होते. तेवढ्यात त्यांतली एक माझ्या खिडकीशी येऊन शिव्या द्यायला लागली. बाबा आवाजाच्या दिशेनं मान वळवू लागले. वळवत राहिले, पार डाव्या खांद्यापर्यंत, आणि तेव्हा कुठे ती त्यांना सापडली. ते दचकले.

मला घरातलं जेवणाचं ताट आठवलं. मोरीला धडकण्याच्याही आधीपासून बाबा जेवताना आईवर चिडायचे, "चटणी काऊन वाढत नाही व?" आई म्हणायची, म्हातारपणी नाटकं सुचतात यांना. चटणी रोज वाढलेली असायची. ताटात डावीकडे, जिथं वाढतात तिथंच.