सुक्या बोंबलांची पाटी

इतक्या वर्षांच्या नोकरीत अपघाताचे गुन्हे किती हाताळले, ते मोजायच्या भानगडीत मी पडलो नाही. बहुतेक विसरलोही. नवापूर रस्त्यावरचा तो एक मात्र काही केल्या मनातून जात नाही.

मी तेव्हा बोईसर भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. पावसाळ्यातली सकाळ, हजेरी नुकतीच आटोपली होती. नवापूरची एक कोळीण पाटी घेऊन रस्त्याच्या कडेला रिक्षाची वाट बघत उभी होती. मालाच्या टेम्पोने तिला उडवलं आणि न थांबता तो कारखान्यांच्या दिशेने निघून गेला. बाईचा डावा पाय गुडघ्याखालून कापावा लागला. नवरा आधीच वारलेला आणि दोन मुली शिकत होत्या, हे मला नंतर कळलं.

संध्याकाळी एक ड्रायव्हर टेम्पोसकट आपणहून ठाण्यात हजर झाला. सोबत मालकाचा मॅनेजर. ड्रायव्हरचा शर्ट इस्त्रीचा, लायसन्स प्लास्टिकच्या पाकिटात तयार. "साब, गलती हो गयी," म्हणाला. गुन्हा एका दिवसात उघड, म्हणून हवालदार खूश. मला मात्र ते पचेना. अपघात करून पळालेला माणूस ठाण्यात येतो तेव्हा त्याची बोबडी वळलेली असते. हा तर बँकेत खातं उघडायला आल्यासारखा बसला होता.

दुसऱ्या दिवशी ठाण्याच्या फोनवर कुणीतरी नाव न सांगता म्हणालं, "साहेब, तुम्ही धरलाय तो काल गाडीवर नव्हताच." एवढं बोलून फोन ठेवला.

असल्या फोनवर कोर्टात काही उभं राहत नाही. पुरावा हवा होता. वाट दाखवली ती जखमी बाईच्या जावेने. ती पंचनाम्याची नक्कल न्यायला आली होती. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मीच वाचून दाखवत होतो. 'घटनास्थळी मासळी विखुरलेली' या वाक्यावर तिने मला थांबवलं.

"मासली कंची, साहेब?"

"कंची म्हणजे? मासळी. असते तशी."

"या दिसांत बोटी वर काढलेल्या हायत. ओली मासली कुठशी आनायची? सुकं बोंबील होतं तिच्या पाटीत. तुमाला एवढं पन ठाव नाय?"

मी घाटावरचा. मासे खायला शिकलो होतो, पण पावसाळ्यात मासेमारी बंद असते हे डोक्यात ठेवायची कधी गरज पडली नव्हती. पंचनामा लिहिणारा हवालदार लातूरकडचा, तो माझ्याहून पुढे. जावेने आम्हा दोघांना अडाणी ठरवलं आणि ते योग्यच होतं. मुद्देमालाच्या खोलीतून पाटी मागवली आणि पहिल्यांदा नीट पाहिली. आत खरोखरच सुके बोंबील होते.

ड्रायव्हरला समोर बसवलं, चहा मागवला. आवाज चढवला की माणूस खरं बोलतो, असा माझा अनुभव नाही. सहज विचारलं, "टक्कर हुई तो रोड पे क्या गिरा था?"

"मछली, साब. पूरी रोड पे मछली."

"कैसी मछली?"

"ताजी, साब. पापलेट. बर्फ भी था. उसी पानी पे टायर स्लिप हुआ."

मला हसू आवरेना. कुणीतरी आमच्याच कागदांवरून त्याला पढवलं होतं आणि पापलेट त्याने पदरचं घातलं होतं. मी पाटी उचलून टेबलावर ठेवली. त्याने बोंबलांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि रडायलाच लागला. टेम्पो मालकाचा मेहुणा चालवत होता. त्याने लायसन्स कधी काढलंच नव्हतं.

मग मालक स्वतः आला. "साहेब, तुम्ही बाईचंच नुकसान करताय. लायसन्सवाला ड्रायव्हर कागदावर राहिला तर विमा कंपनी मुकाट भरपाई देईल. बिनलायसन्सचा निघाला तर कंपनी हात वर करेल. बाईला कोर्टाचे हेलपाटे पडतील." त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, म्हणून तर मला जास्त राग आला. तपास मी बदलणार नव्हतो. पण बाईला अंधारात ठेवणंही बरं वाटेना. इस्पितळात जाऊन तिला सगळं सरळ सांगितलं.

ती म्हणाली, "ज्यानं पाय नेला तो घरी बसनार नि भलताच आत जानार? खरं हाय तेच लिवा, साहेब."

मेहुण्याला अटक झाली. खोटा आरोपी उभा केला म्हणून मालकावरही गुन्हा दाखल झाला. वरिष्ठांनी पाठ थोपटली, मी खुशीत होतो.

भरपाईचा दावा मोटार अपघात न्यायाधिकरणापुढे चालू झाला तोवर मी निवृत्त झालो होतो. साक्षीला बोलावणं आलं. लायसन्स नाही म्हणून विमा कंपनीने हात वर करून पाहिले. पण जखमीला आधी कंपनीने द्यावं आणि मग मालकाकडून वसूल करावं, असे निवाडे आहेत. तिथे त्यांची डाळ शिजेना. मग कंपनीच्या वकिलाने बाईच्या जबाबाचा कागद माझ्या हातात दिला.

"व्यवसाय या रकान्यात काय लिहिलंय, वाचा."

मी वाचलं, "घरकाम."

"खाली सही कुणाची?"

"माझी."

अशी भरपाई बरीचशी बुडालेल्या कमाईवर ठरते. बाई मासे विकून कमावते याचा एकही कागद नाही आणि पोलिसांनीच तिला घरकाम लिहिलंय, तेव्हा धंद्याची कमाई धरू नका, असं वकील म्हणत होता. बाई म्हटली की रकान्यात घरकाम लिहायचं, ही ठाण्यातली जुनी सवय. अशा किती कागदांवर मी न वाचता सही केली असेल, देव जाणे. बाई समोरच्या बाकावर कुबड्या मांडीवर घेऊन बसली होती. मला तिच्याकडे बघवेना.

मी म्हणालो, "ही चूक माझी आहे. आम्ही त्यांना विचारलंच नाही."

न्यायाधीशांनी ते नोंदवून घेतलं. बोईसरच्या बाजारात तिच्या शेजारी बसणाऱ्या दोघी जणींनी साक्ष दिली. निकालात तिच्या धंद्याची कमाई धरली गेली.

निकालाच्या दिवशी मीही गेलो होतो. बाहेर पायऱ्यांशी ती थांबली. रागावलेली नव्हती. म्हणाली, "साहेब, टेम्पोवाल्यानं पाय नेला. पन कागदावरनं धंदा तुमीच पुसला होता. भर कोर्टात बोललात ते बरं केलंत."

त्या तोतया ड्रायव्हरला मी चहा पाजून मासळी कसली तेसुद्धा विचारलं होतं. जिचा पाय गेला तिला, "बाई, तुम्ही काम काय करता?" एवढं साधं ठाण्यातल्या कुणीही विचारलं नाही. मीही नाही.