अहो बाई, तिकडं सस्तं हाय

माझ्या नवऱ्याशी मी पहिल्यांदा मनसोक्त भांडले ती सेनगावकडच्या आमच्या गोरेगावच्या बाजारात, वांग्यांच्या ढिगापाशी, आणि तेही त्यांना 'दादा' म्हणून. हसू नका. आधी पूर्ण ऐकून घ्या, मग हसा.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. लग्न होऊन माझं वर्षही झालं नव्हतं. आमचं गाव गोरेगावहून जीपनं जायच्या अंतरावर, आणि घर म्हणजे नुसती गजबज. सासूबाई, थोरले भासरे म्हणजे यांचे मोठे भाऊ, जाऊबाई, त्यांची लेकरं, वर आल्यागेल्याचा राबता. वडीलधाऱ्यांसमोर नवरा-बायकोनं एकमेकांशी बोलायचं नाही, हा त्या घरचा कायदा. यांना तहान लागली की हे भिंतीकडं बघून म्हणायचे, "पाणी मिळंल का?" मी तांब्या उंबऱ्यावर ठेवायची आणि मागं सरायची. दिवसा शेत, संध्याकाळी चूल, आणि निजायला गेलं की शेजारी भासऱ्यांची दोन लेकरं आडवी पसरलेली. आणि मी ही अशी बडबडी! माहेरी माझी आई म्हणायची, घटकाभर गप बस, पैसे देते. इथं मला बोलायला माणूस नव्हता. जीव नुसता कोंडून गेला होता.

घरचा आठवडी बाजार भासरे करायचे. सायकलच्या हँडलला दोन पिशव्या अडकवून सकाळी जायचे, ते उन्हं कलल्यावर यायचे. माणूस दिलदार, पण भाव करायची त्यांना लाज. विकणारा म्हणेल तो भाव, आणि घेतलेलं सामान पिशवीत टाकलं की दोस्तांबरोबर भजी. इकडं आमच्या सासूबाई म्हणजे काटकसरीचा कळस. साबणाची चिपटी नव्या वडीला चिकटवून झिजवायच्या. काडेपेटीतली काडी ओढायला त्यांच्या जिवावर यायचं, म्हणून चुलीतला निखारा राखेत जपून ठेवायच्या. चहाची पत्ती दोनदा उकळायच्या आणि तिसऱ्यांदा तुळशीला घालायच्या. असल्या बाईसमोर एकदा भासऱ्यांनी बाजारातून आणलेली वांगी चिरली, तर अर्धी किडकी. भाव विचारला तर तो ऐकूनच त्यांनी विळी बाजूला सारली.

पुढच्या बाजाराला धाकटा जाईल, असं त्यांनी तिथल्या तिथं जाहीर केलं. सोबत धाकटी सून जाईल, बाईमाणसाला भाजीतलं कळतं. बाजार सस्त्यात झाला तर कायम ही दोघं, नाहीतर पुन्हा थोरला. भासऱ्यांचं तोंड उतरलं. "म्या सायकलवर जात होतो," असं काहीतरी ते पुटपुटले, पण कुणी लक्ष दिलं नाही. मी तर मुळीच नाही. माझ्या कानात फक्त 'ही दोघं' एवढंच घुमत होतं. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, म्हणतात ना, तसं झालं बाई माझं!

बाजाराच्या दिवशी सासूबाईंनी कमरेच्या चंचीतून बाजाराचे पैसे काढून यांना दिले आणि जीपचं भाडं वेगळं माझ्या हातावर ठेवलं. भाडं ते भाडं, बाजाराच्या हिशोबात ते कधी धरायचं नाही, हे तेव्हापासून असंच ठरून गेलं.

पण बाजारात पोचले आणि माझा सगळा उत्साह थंड. आमच्या गावची निम्मी माणसं तिथंच! जीपमध्ये हे मागं लटकलेले, मी आत बायकांमध्ये. बाजारातही हे पुढं, मी दहा हात मागं. म्हणजे घरी बोलायचं नाही आणि इथंही नाही. मी चिडून वांगेवाल्यापाशी बसले आणि सगळा राग त्याच्यावर काढायला लागले. तो काही भाव सोडेना. तेवढ्यात हे परत मागं आले, मी कुठं राहिले ते बघायला. शेजारीच आमच्या गावातली एक बाई मुळा निवडत होती. तिच्या देखत बायकोशी बोलायचं कसं? मग यांनी वांगेवाल्यालाच भाव विचारला, जसे काही परकेच गिऱ्हाईक. त्यानं सांगितला. "लई झालं," म्हणून हे सरळ चालू लागले. दोन गिऱ्हाइकं हातची जातायत हे बघून वांगेवाल्यानं घाईघाईनं मला भाव कमी केला.

मी वांगी घेतली आणि जवळजवळ पळतच यांना गाठलं. आमची नजर भेटली मात्र, दोघांनाही एकदम कळलं, की हे तर जमतंय!

मग काय विचारता. पुढच्या प्रत्येक बाजाराला आमचं नाटक रंगत गेलं. मी ढिगापाशी बसायची, भाव पाडायला लागायची. थोड्या वेळानं हे यायचे, माल हातात घेऊन बघायचे आणि मला म्हणायचे, "अहो बाई, तिकडं सस्तं हाय." बघा, घरात ज्या माणसाकडून मला साधं 'अगं' मिळत नव्हतं, त्याच्याकडून बाजारात 'अहो बाई' मिळायचं! मी फणकाऱ्यानं म्हणायची, "मग तिकडंच जा की दादा, इथं काहून आलात?" पहिल्यांदा ते 'दादा' तोंडातून गेलं तेव्हा मी जीभ चावली. यांना हसू आवरेना, म्हणून खोकल्याचं सोंग करत हे ढिगाआड वाकले. वांगी, कांदे, गूळ, शेंगदाणे, कशावरूनही आम्ही भांडायचो. गुळावरून भांडता भांडता यांनी मला माझं माहेर कुठलं ते विचारलं. मी सांगितलं. मग यांनी विचारलं, सासर कसं आहे. मी गूळवाल्याच्या देखत सांगितलं, सासर चांगलं आहे, पण नवरा मुका आहे. गूळवाल्याला माझी दया आली आणि त्यानं एक खडा वर टाकला. आठवडाभर मनात साठवलेलं सगळं मी त्या बाजारात बोलून घ्यायची, आणि हेही! माझा नवरा बोलका आहे, त्यांना नकला येतात, लहानपणी ते आंब्यावरून पडले होते, हे सगळं मला ढिगाढिगांवर कळलं. आठ दिवस मी त्या एका दिवसावर जगायची.

आणि सामान खरंच सस्त्यात यायचं. घरी आल्यावर सासूबाई एकेका जिनसाचा भाव विचारायच्या, मान हलवायच्या. भासरे अधूनमधून सायकलचा विषय काढायचे. कोण ऐकतो!

असं चालू असताना उन्हाळा आला, वर्षाची लाल मिरची भरायचे दिवस आले आणि सासूबाईंनी बॉम्ब टाकला. मिरचीला मी स्वतः येणार, म्हणाल्या. वर्षाचा सौदा आहे, बघू तर खरं तुम्ही भाव कसा करता. भासरे लगेच म्हणाले, बघाच, आणि न जमलं तर माझी सायकल आहेच.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. सासूबाईंसमोर नवऱ्याला दादा म्हणायचं? त्यापेक्षा विहीर जवळ केलेली बरी. आणि नाटक नाही केलं तर मिरची चारचौघांच्या भावानंच पडणार, मग आमच्या दोघांच्या जाण्यात विशेष ते काय? बाजार भासऱ्यांकडं जाणार. म्हणजे पुन्हा भिंतीकडं बघून पाणी मागणं आणि उंबऱ्यावर तांब्या. त्या रात्री मला भाकर गेली नाही. यांच्याशी बोलून काही ठरवावं, तर बोलायची जागा बाजारातच!

बाजारात यांना रिकाम्या पोत्यापाशी बसवून सासूबाई मला घेऊन मिरचीच्या ढिगापाशी गेल्या. उन्हात तो लालभडक ढीग आणि नाकात जाणारा खकाणा. मी भाव विचारला. मिरचीवाला चांगलाच ताठ होता. मी भाव पाडून मागितला, तो हलेना. मी उठून जायचं केलं, त्यानं मान वळवून बिडी पेटवली. सासूबाई बघत उभ्या. गेला बाजार, मी मनात म्हटलं, गेला.

आणि मागून आवाज आला, "अहो बाई, तिकडं सस्तं हाय."

हे! पोतं सोडून आलेले! मागाहून त्यांनी मला सांगितलं, तुझं तोंड बघवेना, मग आलो. त्या वेळी मात्र मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मिरचीवाला आमच्याकडं बघतोय, हे मिरचीकडं बघतायत, आणि सासूबाईंनी पदर सारखा केला, स्वतःच्या पोटच्या पोराला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "कोण्या गावचे म्हणायचे तुमी?"

यांनी घाबरून सेनगाव म्हणून टाकलं.

"लगीन झालं का?"

"व्हय," हे म्हणाले. कान मिरचीसारखे लाल.

तुमच्या बायकोनं मिरची काय भावानं घेतली, असं त्यांनी विचारलं. यांनी जो भाव सांगितला, तो ऐकून मिरचीवाल्यानं बिडी फेकली. असला भाव अख्ख्या बाजारात नाही म्हणाला. सासूबाई त्याच्याकडं न बघता यांनाच म्हणाल्या, चला बाबा, दाखवा तो ढीग, आणि खरंच चालू लागल्या. मी कठपुतळीसारखी त्यांच्या मागं. पाच पावलं गेलो नसू, मिरचीवाल्यानं हाक मारली. मावशी, या, बसा, उगं तकलीफ कशाला. भाव उतरला तो चांगलाच उतरला. वर सासूबाईंनी दोन मुठी जास्तीच्या ओढून घेतल्या. आणि कहर म्हणजे, यांना म्हणाल्या, "ओ सेनगाववाले, एवढं पोतं उचलू लागा बरं."

घरी पोचलो तर भासरे ओट्यावर वाटच बघत होते. त्यांनी भाव विचारला. आणि आयुष्यात पैशाचा हिशोब न चुकलेल्या आमच्या सासूबाईंनी, आम्ही दिला होता त्याहूनही कमी भाव सांगितला! चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. भासरे गार. आता बाजाराला हीच दोघं जातील, विषय संपला, असं म्हणून त्या आत गेल्या.

दुपारी आम्ही दोघी देठं खुडायला बसलो. मला राहवेना. मी खाली मान घालून विचारलं, आत्याबाई, तुम्हाला केव्हापासून ठाऊक होतं? दुसऱ्याच बाजारापासून, म्हणाल्या. तुझी सून नवऱ्याला दादा म्हणती, असं सांगायला ती मुळा निवडणारी आपल्या गावातली बाई पळत आली होती. मी तिला म्हटलं, म्हणू दे, भाव पडतो ना?

मला हसू फुटलं. हसता हसता मी म्हटलं, पण आमच्यानं पैसे तर वाचले ना घराचे? त्यांनी हातातली मिरची खाली ठेवली आणि माझ्याकडं असं बघितलं, जसं खुळ्या लेकराकडं बघतात.

"चार आण्याची कोंबडी अन बारा आण्याचा मसाला," त्या म्हणाल्या. "दोघांचं जायचं-यायचं जीपचं भाडं धर की. थोरला तर सायकलवर जात होता. त्याचाच बाजार सस्ता पडायचा."

इतके महिने मी ते भाडं माझ्या हातानं जीपवाल्याला दिलं होतं आणि एकदाही हिशोबात धरलं नव्हतं. आणि ज्या बाईच्या जिवावर एक काडी ओढायला यायचं, ती ते दर आठवड्याला चंचीतून काढून देत होती.

"मग आमाला काहून धाडत होतात, आत्याबाई?"

त्या पुन्हा देठं खुडायला लागल्या. खुडता खुडताच बोलल्या.

"आमाला कुणी धाडलं न्हाई. तुजा सासरा बोलायला लई ग्वाड होता म्हणत्यात. बाजारातले लोक सांगायचे."

मग त्यांनी पदराला हात पुसला आणि चंचीतून पुढच्या बाजाराचं दोघांचं भाडं काढून माझ्यापुढं ठेवलं.